संगणकाचं घड्याळ चुकतंय? लावण्याआधी चूक मोजा

पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाच मिनिटं मागे आहे, म्हणून कोणी हातातलं काम सोडत नाही. मग एके दिवशी ब्राउझर बँकेची साइट उघडत नाही, 'तुमचं घड्याळ मागे आहे' म्हणतो. तत्काळचं बुकिंग दहाला सुरू होतं आणि आपल्याकडे अजून नऊ पंचावन्नच वाजलेले असतात. ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन एकाच सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या नेटवर्कला, जोडलेला पीसी असेल तर पासवर्ड बरोबर असूनही आत शिरता येत नाही. अशा वेळी बहुतेक जण वेळ हाताने लावतात आणि कामाला लागतात.

चार दिवसांनी पुन्हा तेच. हाताने लावल्यावर त्या क्षणापुरती वेळ बरोबर होते, मूळ दोष जागेवरच राहतो. वर नुकसान असं की, घड्याळ किती आणि कसं चुकत होतं ही माहिती आपणच पुसून टाकलेली असते. दोष शोधायला तीच तर लागते. म्हणून आधी मोजा, मग हात लावा.

एक सूचना. पुढच्या कमांड आणि सर्व्हरची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

एका यंत्रात दोन घड्याळं

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. त्याला आरटीसी (रियल टाइम क्लॉक) म्हणतात. पीसी बंद असताना, अगदी प्लग काढलेला असतानाही, ते बटणाएवढ्या बॅटरीवर चालू राहतं. पीसी सुरू झाला की विंडोज किंवा लिनक्स या घड्याळातली वेळ एकदा वाचून घेते आणि तिथून पुढे स्वतःचं वेगळं घड्याळ चालवते. कोपऱ्यात दिसते ती वेळ या दुसऱ्या घड्याळाची. इंटरनेटवरून वेळ जुळते तीही आधी या दुसऱ्याचीच.

'रात्री बरोबर होतं, सकाळी चुकलं' आणि 'सकाळी बरोबर होतं, संध्याकाळपर्यंत चुकलं' या तक्रारी ऐकायला सारख्या वाटल्या तरी त्यांची मुळं वेगळ्या घड्याळांत आहेत.

पहिली पायरी: तीन नोंदी

ब्राउझरमध्ये 'टाइम डॉट इज' ही साइट उघडा. तुमचं घड्याळ किती सेकंद पुढे किंवा मागे आहे ते ती सरळ सांगते. तारीखच काही वर्षं मागे गेली असेल तर साइट उघडणार नाही. तेव्हा मोबाइलशी ताडून पाहा, चूक एवढी मोठी असताना दोन-चार सेकंदांनी काही बिघडत नाही.

पहिली नोंद आत्ताची. दुसरी पीसी सलग पाच-सहा तास चालू ठेवल्यावरची. तिसरी रात्री पीसी बंद करून, भिंतीवरचा स्विचही बंद करून, सकाळी सुरू केल्या केल्या घेतलेली. तेवढा वेळ नेटवरून होणारी आपोआप जुळवणी बंद ठेवा (तिचं बटण पुढे 'विंडोज जुळवणं' मध्ये आहे), नाहीतर मधेच वेळ दुरुस्त होईल आणि नोंदींना अर्थ उरणार नाही. कागदावर लिहा. 'अंदाजे दोनेक मिनिटं' असं नको, सेकंद लिहा.

आता आकडे पाहा. चूक बरोबर साडेपाच तासांची असेल, किंवा १५ मिनिटं, अर्धा तास, एक तास अशी गोल असेल, तर घड्याळ ठणठणीत आहे. टाइम झोन किंवा एखादं सेटिंग चुकलंय. दिवसभर वेळ ठीक राहते आणि स्विच बंद केलेल्या रात्रीनंतर बिघडते, तर बॅटरी. चूक दर तासाला थोडी थोडी वाढतेय, तर घड्याळाची गती चुकीची आहे आणि नेटवरून ती कोणी सुधारत नाहीये. मधूनच मोठी उडी आणि नंतर पुन्हा ठीक असं होत असेल, तर बहुधा दोन प्रोग्रॅम एकाच घड्याळाशी भांडत आहेत. बहुतेक तक्रारी या चारांत बसतात.

चूक गोल आकड्याची असेल तर

विंडोजमध्ये सेटिंग्ज, तिथे टाइम अँड लँग्वेज, तिथे डेट अँड टाइम. टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली असं एकत्र लिहिलेली, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक ०५:३० ची ओळ निवडा. यादी खालीवर करताना बोट घसरून काठमांडू निवडलं जातं आणि घड्याळ १५ मिनिटं पुढे जातं. इस्लामाबाद-कराची निवडलं गेलं तर अर्धा तास मागे. चूक नेमकी तेवढीच दिसली तर दुसरं काही शोधत बसू नका.

लिनक्समध्ये झोनचं नाव 'एशिया/कोलकाता'. तिथे मुंबई शोधू नका, नाहीच. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई १९५५ पर्यंत आपला ३९ मिनिटं मागचा बॉम्बे टाइम धरून होती. एवढा हट्ट करणाऱ्या शहराला यादीत वेगळी ओळ मिळायला हरकत नव्हती.

एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर नेमक्या साडेपाच तासांचा घोळ ठरलेलाच. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ आहे असं धरून चालते, लिनक्स तिथे यूटीसी आहे असं मानते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे, उलट गेलात की नेटवरून वेळ जुळेपर्यंत साडेपाच तास पुढे. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावायचं. सगळ्यात सोपी कमांड लिनक्सची: 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'. लिनक्स यावर थोडी कुरकुर करणारा इशारा दाखवते. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे भारतात हे बिनधास्त चालतं. युरोप-अमेरिकेत राहत असाल तर विंडोजलाच यूटीसी मानायला लावणं बरं, त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या कोठारात) 'रियलटाइम-इज-युनिव्हर्सल' ही नोंद १ करावी लागते.

बॅटरी

डेस्कटॉपमध्ये बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो, मोबाइल-घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो. पीसी कायम प्लगला असेल तर तो कित्येक वर्षं टिकतो, कारण तेव्हा आरटीसीला वीज एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायकडून, मिळते. रोज रात्री मेन स्विच पाडणाऱ्या ऑफिसात, शाळेच्या संगणक कक्षात लवकर संपतो.

बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याआधीच्या दोन गोष्टी विसरू नका. बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या, सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल निघाला की बऱ्याच मदरबोर्डांवर तिथली सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची तो 'एएचसीआय की रेड' हा पर्याय बदलला गेला तर विंडोज सुरूच होत नाही. दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची. डिस्क कुलूपबंद असेल तर सेल बदलल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधीच हाताशी हवी.

मग पीसी बंद, प्लग काढलेला, कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावून घ्यायचा, जुन्या सेलची खिटी दाबून तो काढायचा, नवा बसवताना अक्षरं कोरलेली अधिक बाजू वर. लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायर आणि कनेक्टरसह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो; सवय नसेल तर ते काम दुकानात द्या. जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका जाळतो.

चूक हळूहळू वाढत असेल तर

आरटीसीच्या पोटात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक सेकंद मिळतो. स्फटिक बनवताना दहा लाखांत २० भागांपर्यंत फरक चालवून घेतात. या 'दहा लाखांत इतके' मापाला पीपीएम म्हणतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर २० पीपीएम म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाहून जास्त. हा बिघाड नाही. त्या किमतीच्या स्फटिकाचा तो स्वभावच आहे.

त्यात हवामानाची भर. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. तापमान त्याहून वर जावो की खाली, तो मंदावतोच. ४० अंशांना साधारण साडेसात पीपीएमची घट येते, म्हणजे दिवसाला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. १० अंशांनाही तेवढीच. नागपूरचा मे महिना आणि महाबळेश्वरचा डिसेंबर, दोन्हीकडे घड्याळ मागेच पडणार.

पीसी चालू असतानाचं घड्याळ मदरबोर्डवरच्या दुसऱ्या स्फटिकावर चालतं, पण त्याची गोष्टही फार वेगळी नाही. म्हणून दिवसाला दोन-तीन सेकंदांचा फरक दिसला तर मदरबोर्ड बदलायला निघू नका, नेटवरची जुळवणी सुरू करा. दिवसाला मिनिटभर फरक पडत असेल तर मात्र काहीतरी बिनसलंय. बायोस अद्ययावत करून पाहा.

नेटवरून वेळ येते कशी

अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली एनटीपी हा नेटवरून वेळ जुळवण्याचा नियमसंच मांडला. तुमचा पीसी सर्व्हरला निरोप पाठवतो आणि पाठवल्याची वेळ लिहून ठेवतो. सर्व्हर निरोप मिळाल्याची आणि उत्तर धाडल्याची, अशा दोन वेळा लिहून परत पाठवतो. उत्तर पोचल्याची चौथी वेळ पीसी लिहितो. या चार आकड्यांवरून प्रवासाला किती वेळ लागला आणि आपलं घड्याळ किती चुकलंय ही दोन्ही उत्तरं निघतात. गृहीत एकच: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. मोबाइल हॉटस्पॉटवर ते नेहमी खरं नसतं, म्हणून तिथे काही मिलिसेकंदांचा फरक राहतो. घरच्या कामाला त्याने काही होत नाही.

सर्व्हरची उतरंड असते, तिला स्ट्रॅटम म्हणतात. अणुघड्याळ किंवा जीपीएस ० वर, त्याला थेट जोडलेला सर्व्हर १ वर, त्याच्याकडून वेळ घेणारा २ वर. १६ दिसलं तर त्या यंत्राची वेळ कुणाशीही जुळलेली नाही.

विंडोज जुळवणं

डेट अँड टाइमच्या पानावर 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' सुरू करा आणि खालचं 'सिंक नाऊ' दाबा. बऱ्याच घरांत गोष्ट इथेच संपते.

नाही संपली तर 'सर्व्हिसेस' उघडा, 'विंडोज टाइम' शोधा, ती बंद असेल तर सुरू करा आणि स्टार्टअप प्रकार ऑटोमॅटिक करा. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस' द्या. 'सोर्स' या ओळीत 'लोकल सीएमओएस क्लॉक' किंवा 'फ्री-रनिंग सिस्टिम क्लॉक' दिसलं, तर तुमचा पीसी कुणाकडूनच वेळ घेत नाहीये, वरच्या पानावर बटण निळं असलं तरी. माझा भरवसा बटणापेक्षा या ओळीवर.

सर्व्हर बदलायला जुनं कंट्रोल पॅनल सोपं पडतं: डेट अँड टाइम, तिथे इंटरनेट टाइम, तिथे चेंज सेटिंग्ज, सर्व्हरचं नाव लिहून 'अपडेट नाऊ'.

आवश्यक बदल फार मोठा असल्याने वेळ जुळवली नाही, असा संदेश आला तर घाबरू नका. बॅटरी संपून तारीख काही वर्षं मागे गेली की असं होतं. एवढी मोठी उडी विंडोज स्वतःहून मारत नाही. घरच्या पीसीवर मर्यादा साधारण १५ तासांची असते. हाताने वेळ लावण्याची खरी जागा ही. तारीख-वेळ अंदाजे बरोबर करा आणि मग जुळवणी चालवा.

ऑफिसच्या डोमेनमधल्या पीसीवर यातलं काही करू नका. तो वेळ डोमेन कंट्रोलर या ऑफिसच्या सर्व्हरकडून घेतो, आणि लॉगिनसाठी वापरला जाणारा कर्बेरॉस हा नियमसंच ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो. तुमच्या एकट्याचं घड्याळ चुकलंय की शेजारच्यांचंही, ते पाहा. सगळ्यांचं चुकलं असेल तर दोष सर्व्हरवर आहे आणि फोन आयटीवाल्यांना करायचा.

लिनक्स जुळवणं

'टाइमडेटसीटीएल' एवढंच टाइप करा. स्थानिक वेळ, यूटीसी, आरटीसीची वेळ आणि झोन हे सगळं एकाखाली एक दिसतं. 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड' पुढे 'येस' हवं. 'नो' असेल तर 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू'.

क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम असेल तर आणखी मजा आहे. 'क्रोनीसी ट्रॅकिंग' दिल्यावर 'फ्रीक्वेन्सी' ही ओळ वाचा. तिथे १८ पीपीएम स्लो असं असेल, तर तुमचं घड्याळ मोकळं सोडल्यास दिवसाला दीड सेकंद मागे पडलं असतं. क्रोनीने ते ओळखून गतीच दुरुस्त केली आहे. हाताने वेळ लावण्यात आणि एनटीपी चालवण्यात खरा फरक हा. नेट तुटलं तरी ही सुधारलेली गती टिकते.

'क्रोनीसी सोर्सेस' मध्ये ज्या सर्व्हरपुढे चांदणी आहे, त्याच्याकडून सध्या वेळ घेतली जातेय. प्रश्नचिन्ह म्हणजे त्याच्यावर अजून भरवसा नाही, बऱ्याचदा तो उत्तरच देत नसतो. 'रीच' या रकान्यातले आकडे अष्टमान पद्धतीतले असतात: ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं, ० म्हणजे एकालाही नाही.

एकाच यंत्रावर क्रोनी आणि एनटीपीडी (तेच काम करणारा दुसरा प्रोग्रॅम) दोन्ही चालू ठेवू नका. व्हर्च्युअल मशीन (एका यंत्राच्या आत चालणारं दुसरं, आभासी यंत्र) असेल तर बाहेरच्या यंत्राकडून येणारी वेळ आणि आतलं एनटीपी यांतलं एकच ठेवा. अचानक उड्या मारणारं घड्याळ बहुतेक वेळा याच भांडणातलं निघतं.

उत्तरच येत नसेल तर

एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या एका ठरावीक दारातून, चालतं. कॉलेजं, हॉस्टेलं आणि काही ऑफिसं ते पोर्ट बंद ठेवतात. पडताळणी सोपी आहे. पीसी मोबाइल हॉटस्पॉटला जोडा आणि पुन्हा जुळवून पाहा. तिथे जुळलं तर दोष पीसीत नाही, मधल्या फायरवॉलमध्ये किंवा राउटरमध्ये आहे. नेटवर्क सांभाळणाऱ्याला 'घड्याळ चालत नाही' असं कळवू नका, 'यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या' असं कळवा. उत्तर लवकर येतं.

सर्व्हर कोणते? भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये, अणुघड्याळांवर राखली जाते. तिचा सर्व्हर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी'. एनआयसीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचे, दोन, 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन'. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं यांच्याशी, किंवा यांच्याशी धागा जुळणाऱ्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. घरच्या पीसीला सक्ती नाही; 'इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी' हा स्वयंसेवकांच्या सर्व्हरचा समूहही उत्तम चालतो.

लिनक्सवर निदान तीन, जमल्यास चार सर्व्हर द्या. दोनच दिले आणि त्यांचं पटलं नाही, तर खोटा कोणता हे ठरवता येत नाही. गूगलचा सर्व्हर इतरांबरोबर मिसळू नका. लीप सेकंद (जागतिक वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) आला की गूगल तो दिवसभरात पसरून वाटतं, बाकीचे एकदम घालतात, त्यामुळे त्या दिवशी दोघांचं जुळत नाही. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस आला होता, भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती.

सर्व्हरवर किंवा हिशेबाच्या यंत्रावर आणखी एक पथ्य. घड्याळ पुढे असेल तर ते एकदम मागे ओढू नका; डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीची दिसायला लागते. एनटीपीडी बारीक चूक घड्याळाची गती किंचित बदलून जिरवतो, जास्तीत जास्त ५०० पीपीएमने. त्या हिशेबाने एक सेकंद भरून यायला ३३ मिनिटं लागतात. लागू द्या.

डीव्हीआर आणि रास्पबेरी पाय

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर सहसा कोणी बघत नाही, चोरी झाल्यावरच बघतात. त्याच्या नेटवर्क मेन्यूत एनटीपी सुरू करून सर्व्हर आणि झोन भरा. फुटेज पोलिसांना द्यायचं असेल तर आधी काही बदलू नका. डीव्हीआरच्या पडद्याचा आणि बरोबर वेळ दाखवणाऱ्या मोबाइलचा एकत्र फोटो काढा, फरक लिहून द्या, घड्याळ नंतर लावा.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या ४ पर्यंतच्या बोर्डांवर आरटीसीच नाही. वीज गेली की वेळ गेली, नेट येईपर्यंत तो जुन्याच तारखेत राहतो. शेतावर किंवा नेट नसलेल्या जागी नोंदी घेणारा पाय असेल तर डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल लावा. ही चिप तापमान मोजून स्वतःला सावरते, ० ते ४० अंशांत चूक २ पीपीएमच्या आत, म्हणजे महिन्याला जेमतेम पाच सेकंद. मात्र बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलवर बऱ्याचदा सेल चार्ज करणारं सर्किट असतं, आणि सीआर२०३२ हा चार्ज करायचा सेल नाही. तो त्यात घालायचा असेल तर मॉड्यूलला ५ नव्हे, ३.३ व्होल्ट द्या. पायच्या १ क्रमांकाच्या पिनवर तेवढेच मिळतात.